हवाई पचलं, फिलिपिन्स घशात अडकलं, ते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जी अमेरिका स्वतः इंग्रजांशी लढून स्वतंत्र झाली, तिने १८९८ मध्ये हवाई आणि फिलिपिन्स ही समुद्रापलीकडची बेटं घेतली कशी? एका पुस्तकात साखर हे कारण दिलंय, दुसऱ्यात नौदल, तिसऱ्यात वंशाची घमेंड. विरोधात माजी राष्ट्राध्यक्ष, उद्योगपती, कामगार पुढारी, लेखक अशी मोठी माणसं होती, तरी ती हरली का? एम.ए.च्या सेमिनारमध्ये मुख्य कारण कोणतं धरावं? आणि डलहौसीने संस्थानं खालसा केली, त्याच्याशी तुलना चालेल का?

मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवतो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी याच रूपात येतो. मुलं 'मुख्य कारण' शोधण्यात अडकतात. म्हणून आधी प्रश्नच थोडा हलवून घेऊ. साखरेचा संबंध १८७५ च्या तहापासूनचा. नौदलाला हवाईतल्या पर्ल हार्बर बंदराचे हक्क १८८७ मध्येच मिळाले होते. वंशाची घमेंड तर त्याहून कितीतरी जुनी. ही सगळी कारणं १८९३ मध्ये हजर होती, तेव्हा हवाई घेता आलं नाही. १८९७ मध्येही हजर होती, तेव्हाही नाही. १८९८ च्या जुलैत मात्र घेता आलं. जी गोष्ट तिन्ही वेळा हजर होती, ती एकटी हा फरक कसा समजावणार? तेव्हा मी विचारेन ते असं: आदल्या वर्षी सिनेटमध्ये जी मतं जमत नव्हती ती कशी जमली, आणि कुणाची?

१८९३ ची हकीकत तुम्ही वाचलेलीच असणार, म्हणून धावती सांगतो. हवाईची राणी लिलिउओकलानी हिच्या भावावर, राजा कालाकाउआवर, १८८७ मध्ये बंदुकीच्या धाकाने एक राज्यघटना लादली गेली होती. ती बदलायला राणी निघाली, तशी गोऱ्या मंडळींची तेरा जणांची समिती उभी राहिली. १६ जानेवारीला अमेरिकेचा तिथला वकील, म्हणजे राजदूत, जॉन स्टीव्हन्स याने 'बोस्टन' युद्धनौकेवरून दीडशेहून जास्त नौसैनिक होनोलुलूत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी राणीची सत्ता गेली. राष्ट्राध्यक्ष हॅरिसनने घाईने सामिलीकरणाचा तह सिनेटकडे धाडला. मार्चमध्ये नवा राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड आला, त्याने तह परत घेतला, चौकशी लावली आणि डिसेंबरात काँग्रेसला सरळ कळवलं की आपल्याच वकिलाच्या सहभागाने, काँग्रेसला न विचारता केलेल्या युद्धकृत्याने एका दुबळ्या मित्रराज्याचं सरकार उलथवलं गेलं आहे. एवढं म्हणूनही राणी गादीवर परत बसली नाही. होनोलुलूतल्या मंडळींनी दाद दिली नाही आणि क्लीव्हलँड फौज धाडायला राजी नव्हता. १८९४ च्या ४ जुलैला त्या मंडळींनी हवाईचं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याची घटना लोकांच्या मताला टाकलीच नाही.

आता साखर. साखरेच्या राजकारणाची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. १८७५ च्या तहाने हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि पंधरा वर्षांत निर्यात दहापटीच्या आसपास वाढली. १८९० मध्ये मॅकिन्लीच्या नावाने ओळखला जाणारा जकात कायदा आला. त्याने सगळ्याच परदेशी कच्च्या साखरेवरची जकात काढली आणि देशातल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईचा फायदा एका फटक्यात गेला. इथून पाठ्यपुस्तक उडी मारतं: अनुदान मिळावं म्हणून मळेवाल्यांनी राणीला काढलं आणि अमेरिकेत शिरायचा घाट घातला. ऐकायला पटतं. पण १८९४ मध्ये परदेशी साखरेवर पुन्हा जकात बसली आणि हवाईला तिचा जुना फायदा परत मिळाला. सामिलीकरण त्यानंतर चार वर्षांनी झालं.

दुसरी अडचण मजुरांची. हवाईच्या मळ्यांवर चिनी आणि जपानी मजूर कराराने बांधलेले होते. काम सोडून गेलेल्या मजुराला कायद्याने पकडून आणता येई, तुरुंगातही टाकता येई. अमेरिकेचा कायदा लागू झाला की हे करार बाद होणार आणि चिनी मजूर आणण्याची वाटही बंद होणार, हे मळेवाल्यांना कळत होतं. क्लॉस स्प्रेकल्स हा त्या धंद्यातला सगळ्यात बडा माणूस, आणि तोच सामिलीकरणाच्या विरोधात होता. त्याची भीती खोटी नव्हती: १९०० मध्ये अमेरिकी कायदा लागू होताच करार रद्द झाले आणि मळ्यांवर एकामागून एक संप सुरू झाले. तिकडे मुख्य भूमीवर लुइझियानाचे ऊसवाले आणि पश्चिमेचे बीटसाखरवाले हवाईच्या साखरेला कायमचं घरात घ्यायला तयार नव्हते. म्हणजे साखर वादाच्या दोन्ही बाजूंना होती. 'साखरेमुळे झालं' असं लिहिलंत, तर कोणत्या साखरेमुळे, हे परीक्षक विचारणारच.

वर्गात मी हा वाद घडवून आणतो तेव्हा 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोन गट पाडत नाही. प्रत्येकाला एकेक खुर्ची देतो: लुइझियानाचा सिनेटर, कॅलिफोर्नियाचा कामगार पुढारी, बोस्टनचा जुना गुलामगिरीविरोधक, दक्षिण कॅरोलायनाचा गोरा वर्चस्ववादी, नौदलाचा अधिकारी. मग म्हणतो, आता आपापलं मत ठरवा. या पाचांपैकी चौघं विरोधात जातात, आणि प्रत्येक जण वेगळ्याच कारणाने. तुम्ही ज्यांना साम्राज्यविरोधी म्हणून एका ओळीत उभं केलंय, ते प्रत्यक्षात असे होते. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या साम्राज्यविरोधी संघाशी क्लीव्हलँड, कार्नेगी, मार्क ट्वेन, कामगार नेता सॅम्युअल गाँपर्स ही नावं जोडलेली आहेत. पण सिनेटमध्ये त्याच बाजूला दक्षिण कॅरोलायनाचा बेन टिलमन बसलेला होता. आपल्या राज्यात काळ्यांना मतदानापासून कसं दूर ठेवलं, हे तो अभिमानाने सांगत असे, आणि आणखी 'अशी' माणसं देशात नकोत हा त्याचा मुद्दा होता. गाँपर्सची चिंताही मुख्यतः स्वस्त आशियाई मजुरांची होती.

१८९८ मध्ये हवाईवर चर्चा चालली असताना मिझुरीच्या चॅम्प क्लार्कने प्रतिनिधिगृहात भीती घातली की उद्या हवाईहून पाठीवर शेंडी लोंबणारा चिनी सिनेटर येऊन बसेल, ती लाज कशी सोसायची. सभागृहाला हे भाषण विनोदी वाटलं असावं. १९५९ मध्ये हवाई राज्य झालं तेव्हा तिथून सिनेटवर गेलेल्या पहिल्या दोघांत हायरम फाँग होता, साखरमळ्यावर राबायला आलेल्या चिनी मजुराचा मुलगा. सेमिनारमध्ये हे जरूर सांगा. वंशवाद फक्त साम्राज्यवाद्यांकडे होता, हा समज त्याने लगेच मोडतो.

आता १८९७. इथे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवतो, कारण बहुतेक पुस्तकं दोन ओळींत पुढे सरकतात. मॅकिन्ली राष्ट्राध्यक्ष झाला आणि जूनमध्ये नवा तह झाला. तोपर्यंत एक नवी गोष्ट घडली होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला हवाईच्या सरकारने हजारावर जपानी मजुरांना उतरू न देता परत पाठवलं, जपानने 'नानिवा' ही युद्धनौका होनोलुलूला धाडली आणि तहाचाही निषेध नोंदवला. १८९६ च्या शिरगणतीत एकूण वस्ती एक लाख नऊ हजार होती. तीत मूळ हवाईयन आणि मिश्र मिळून साडेएकोणचाळीस हजार, जपानी चोवीस हजारांवर, चिनी एकवीस हजारांवर, आणि अमेरिकन जेमतेम तीन हजार. 'आपण नाही घेतलं तर जपान घेईल' हा मुद्दा या आकड्यांतून आला. जपानचा तसा बेत होता का, हा वेगळा विषय. सिनेटमध्ये मत वळवायला भीती पुरते.

त्याच वर्षी हवाईयन लोकांनी अर्ज गोळा केले. हुई अलोहा आइना या देशप्रेमी संघटनेचे कार्यकर्ते बेटाबेटांवर फिरले. संघटनेच्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या शाखा वेगळ्या होत्या, आणि सह्यांचे कागदही वेगळे. त्या कागदांच्या प्रती पाहायला मिळाल्या तर जरूर पाहा. वर सामिलीकरणाला विरोध असल्याचा मजकूर, खाली नावांच्या रांगा, नावापुढे वय. एकवीस हजारांहून जास्त सह्या. एकूण मूळ लोकसंख्या साडेएकोणचाळीस हजार, त्यात लहान मुलंही आली, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचं वजन कळतं. चार प्रतिनिधी ते कागद घेऊन डिसेंबरात वॉशिंग्टनला पोचले. राणी तिथेच होती. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉर्ज होर यांनी तो अर्ज सिनेटपुढे ठेवला. तहाला नव्वदपैकी साठ मतं लागत होती, आणि बाजूची मतं तेवढी जमेनात.

अर्जाने तह अडवला का? याचं उत्तर तुम्ही कुणाची मतं मोजता त्यावर आहे. बीटसाखरवाले आणि दक्षिणेतले सिनेटर अर्ज आला नसता तरी विरोधातच जाणार होते. माझ्या मते अर्जाने मतं फारशी फिरवली नाहीत, पण 'तिथल्या लोकांचीच इच्छा आहे' हे वाक्य सभागृहात उच्चारणं अवघड करून टाकलं. हवाई प्रजासत्ताकाचा अध्यक्ष डोल याच्या सरकारची सही म्हणजे हवाईची संमती, एवढ्यावरच समर्थकांना भागवावं लागलं. हवाईयन विद्वानांच्या अलीकडच्या लेखनात अर्जाला याहून मोठं श्रेय दिलेलं आढळेल. तीही बाजू मांडा. पुरावा एकच आहे, वजन करणारे हात वेगळे.

मग युद्ध आलं. १८९८ च्या एप्रिलमध्ये क्यूबावरून स्पेनशी लढाई पुकारली गेली आणि १ मे रोजी अमेरिकन नौदलाच्या ड्यूईने फिलिपिन्समधल्या मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं. मनिलाकडे निघालेल्या अमेरिकन फौजा होनोलुलूला थांबून कोळसा भरू लागल्या. नौदलवादी ज्याविषयी नौदलतज्ज्ञ माहानच्या लेखांचा हवाला देत बसायचे, ते आता रोजच्या वर्तमानपत्रात दिसू लागलं. पण विरोधकांचं उत्तरही ऐका: कोळसा तर मिळतोच आहे, पर्ल हार्बरचे हक्क तर १८८७ पासून आपल्याकडेच आहेत, मग देश कशाला घ्यायचा? तर्क म्हणून हे उत्तर बिनतोड होतं. त्या जूनमध्ये ते कुणाच्या कानात शिरणार नव्हतं.

आणि इथे पद्धत बदलली. तहाला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. संयुक्त ठरावाला दोन्ही सभागृहांत साधं बहुमत पुरतं. टेक्सास १८४५ मध्ये असंच घेतलं होतं. नेवाडाच्या न्यूलँड्सने ठराव आणला. प्रतिनिधिगृहाचा सभापती रीड स्वतः मॅकिन्लीच्याच रिपब्लिकन पक्षाचा असून विरोधात होता, त्याने जमेल तितका वेळ काढला. १५ जूनला प्रतिनिधिगृहात २०९ विरुद्ध ९१, ६ जुलैला सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१, आणि ७ जुलैला मॅकिन्लीची सही. जॉर्जियाच्या बेकनने मुद्दा काढला होता की आपल्या कायदेमंडळाचा ठराव आपल्याच हद्दीत चालतो, दुसऱ्याचा देश ठरावाने आपला कसा होईल? मला आजही त्याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. टेक्सासचा दाखला पूर्ण लागू पडत नाही, कारण तिथल्या मतदारांनी त्या प्रश्नावर मतदान केलं होतं.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. '४२ विरुद्ध २१' म्हणजे मत देणाऱ्यांपैकी बरोबर दोन-तृतीयांश. त्यामुळे काही जण म्हणतात, पळवाट कसली, तहही पास झाला असता. झाला असता का? पंचवीसवर सदस्यांनी मतच दिलं नव्हतं, आणि तहाचं मतदान असतं तर त्यातले किती जण आले असते आणि कुणाच्या बाजूने, हे गणित कुणी खात्रीने सोडवू शकत नाही. सेमिनारमध्ये 'फसवून घेतलं' आणि 'रीतसर घेतलं' या दोन्ही टोकांपासून दूर राहा. नेत्यांना मतांची खात्री नव्हती म्हणून त्यांनी सोपा रस्ता धरला, एवढं निर्धास्त म्हणता येतं.

फिलिपिन्सच्या वेळी हा रस्ता उपलब्ध नव्हता. ती बेटं स्पेनशी झालेल्या तहातून यायची होती, तेव्हा दोन-तृतीयांश मतं चुकवता येत नव्हती. डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसला तह झाला, दोन कोटी डॉलर ठरले. फिलिपिनो नेता आगिनाल्दोने १२ जूनलाच स्वातंत्र्य जाहीर केलेलं होतं. त्याचा वकील पॅरिसपर्यंत गेला, त्याला कुणी आत घेतलं नाही. क्यूबा आपण घेणार नाही, असं याच काँग्रेसने युद्धाच्या आधी लिहून दिलं होतं. फिलिपिन्ससाठी तसं वचन नव्हतं.

होर यांची भूमिका आता बघा, कारण सगळ्या वादाची गाठ तिथे दिसते. ज्यांनी हवाईयन लोकांचा अर्ज सिनेटपुढे ठेवला, त्या होरनीच सात महिन्यांनी हवाईच्या सामिलीकरणाला मत दिलं. आणि त्याच होरनी फिलिपिन्सच्या तहाविरुद्ध आपल्या पक्षाशी, राष्ट्राध्यक्षाशी आणि आपल्याच राज्याचे दुसरे सिनेटर लॉज यांच्याशी झुंज घेतली. त्यांचं म्हणणं साधारण असं: हवाई लहान आहे, तिथल्या सरकारने संमती दिली आहे, पुढेमागे ते आपल्यात मिसळेल, पण सत्तर लाखांवर लोकांना नागरिक न करता प्रजा म्हणून ठेवायचं, हे आपल्या घटनेत बसतच नाही. हवाईच्या 'संमती'ची किंमत त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवी होती. तरीही मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्या काळातल्या बऱ्याच सज्जनांची मर्यादा नेमकी तिथेच होती. आपलं प्रजासत्ताक बिघडेल ही काळजी खरी होती. बेटावरच्या माणसाचं काय, हा प्रश्न त्या काळजीच्या मागे उभा होता.

६ फेब्रुवारी १८९९ ला तह ५७ विरुद्ध २७ मतांनी पास झाला. लागणाऱ्या मतांपेक्षा फक्त एक जास्त. दोनच दिवस आधी मनिलाबाहेर अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यांत गोळीबार सुरू झाला होता, आणि डेमोक्रॅट नेता ब्रायन याने आपल्या माणसांना आधी तह होऊ द्या, मग निवडणुकीत बघू असं सांगितलं होतं. विरोधक का हरले याचं एका ओळीत उत्तर हवं असेल तर हे घ्या: त्यांचा सगळ्यात मोठा नेता ऐन वेळी तहाच्या बाजूला उभा राहिला. आठवड्याभरात बेकनने फिलिपिन्सला पुढे स्वातंत्र्य देण्याचं वचन मांडलं. मतं समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्षाच्या मताने ते पडलं. पुढच्या लढाईत ४,२०० च्या वर अमेरिकन आणि वीस हजारांवर फिलिपिनो सैनिक मेले. उपासमार आणि रोगराई धरून सामान्य लोकांचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जातो. १९०० मध्ये ब्रायन निवडणूकही हरला.

घटनेचा प्रश्न शेवटी संत्र्यांवरून कोर्टात गेला, आणि हे मी वर्गात नेहमी सांगतो. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने, स्पेनकडून त्याच तहात मिळालेल्या पोर्तो रिको बेटाहून, न्यूयॉर्कला संत्री आणली. जकात अधिकाऱ्याने साडेसहाशे डॉलरांच्या आसपास जकात घेतली. डाउन्स म्हणाला, पोर्तो रिको आता अमेरिकेचा भाग आहे, मग देशातल्या देशात जकात कसली? १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा फरकाने त्याच्या विरोधात निकाल दिला. निघालेला अर्थ असा, की एखादा प्रदेश अमेरिकेच्या मालकीचा असूनही पूर्णपणे अमेरिकेचा भाग नसू शकतो. होर जे घटनेत बसत नाही म्हणत होते, ते असं बसवून घेतलं गेलं. हवाईला १९०० च्या कायद्याने आतल्या रांगेत जागा मिळाली, फिलिपिन्सला बाहेरच्या. १९३४ मध्ये फिलिपिन्सला दहा वर्षांनी स्वातंत्र्य देण्याचा कायदा झाला, त्यामागे फिलिपिनो साखर आणि फिलिपिनो मजूर दोन्ही बाहेर ठेवू पाहणाऱ्यांचा मोठा जोर होता. वर्षाला पन्नास माणसांना प्रवेश, एवढा कोटा त्यात होता.

डलहौसीशी तुलना करायची असेल तर एका मर्यादेत करा. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये आणि नागपूरचं १८५४ मध्ये गेलं, तेव्हा निर्णय कलकत्त्यात आणि लंडनच्या संचालकांकडे होत होता. तिथेही मतभेद होते, पण निवडून आलेल्या सभागृहात मतांची जुळवाजुळव करावी लागत नव्हती. अमेरिकेला ती करावी लागली, म्हणूनच एवढा वाद कागदावर उरला. संमतीचा पुरावा कसा उभा केला जातो, आणि गादी गेलेल्या माणसाला दूरच्या राजधानीत जाऊन दाद मागावी लागते, हे दोन मुद्दे तुलनेला चांगले आहेत. वारस नामंजूर करण्याचा मुद्दा हवाईला लागू नाही, तो ओढून आणू नका.

मांडणीसाठी माझी सूचना अशी. पहिल्या पानावर कारणांची यादी देऊ नका. १८९३, १८९७, जुलै १८९८ आणि फेब्रुवारी १८९९ हे चार प्रसंग घ्या आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: किती मतं लागत होती, किती मिळाली, कोण कुठून कुठे सरकलं. साखर, नौदल, जपानची भीती, वंश ही सगळी कारणं मग आपोआप योग्य जागी येतील, आणि काही ठिकाणी एकच कारण दोन्ही बाजूंना दिसेल. ते लपवू नका. तुमचा विषय 'सामिलीकरणाची कारणं' असा छापलेला असेल तर गाइडशी बोलून तो 'सामिलीकरणाचा वाद' असा करून घ्या. काम निम्मं सोपं होईल. आणि १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हवाईयन लोकांची जी माफी मागितली ती शेवटच्या पानावर टाका, पहिल्या नाही. ती आधी आली की ऐकणारे निकाल हातात घेऊनच बसतात, आणि १८९८ च्या सभागृहात काय बोललं गेलं ते कुणी ऐकत नाही.